उणे उत्तर खोडण्याआधी

एका आयताची लांबी रुंदीपेक्षा ७ मीटर जास्त आहे आणि त्याचं क्षेत्रफळ १२० चौरस मीटर आहे, तर रुंदी किती? रुंदी क्ष मानली की लांबी क्ष + ७ होते आणि क्ष² + ७क्ष = १२० हे वर्गसमीकरण मिळतं. सूत्रात किमती घातल्या की ८ आणि −१५ ही दोन मुळे निघतात. मग ‘रुंदी ऋण नसते’ असं लिहून −१५ खोडायचं आणि पुढच्या उदाहरणाकडे वळायचं, ही आपली सवय. सूत्र पाठ असतं, पण ते क्षेत्रफळातूनच जन्मलं आहे हे फार कमी मुलांना कोणी दाखवतं. मला याची खरोखर खंत वाटते.

कागदावर क्ष बाजूचा चौरस काढा. त्याला लागून ७ रुंदीची पट्टी आहे. दोन्ही मिळून १२०. ती पट्टी उभी चिरून साडेतीन-साडेतीनच्या दोन पट्ट्या करा. एक उजवीकडे लावा, दुसरी खाली. आता जवळजवळ मोठा चौरस तयार झाला, फक्त कोपऱ्यात साडेतीन बाजूचा एक छोटा चौरस कमी पडतो. त्याचं क्षेत्रफळ १२.२५. तो भरला की एकूण १३२.२५, म्हणजे मोठ्या चौरसाची बाजू ११.५. त्यातून ३.५ वजा करा, उरले ८. ‘पूर्ण वर्ग करणे’ म्हणतात ते हेच.

ही युक्ती फार जुनी आहे. ब्रिटिश म्युझियममध्ये सुमारे ३,८०० वर्षांपूर्वीची एक बॅबिलोनी मातीची पाटी आहे. तिच्यातलं पहिलंच उदाहरण असं: चौरसाचं क्षेत्रफळ आणि बाजू यांची बेरीज पाऊण, तर बाजू किती? उत्तर अर्धा, आणि रीत वरचीच. आपल्याकडे गणिती श्रीधराचार्यांनी त्यातली अपूर्णांकांची कटकटही घालवली. समीकरणाला वर्गपदाच्या सहगुणकाच्या चौपटीने गुणायचं आणि मधल्या सहगुणकाचा वर्ग मिळवायचा, हा त्यांचा नियम भास्कराचार्यांनी १२व्या शतकात ‘बीजगणित’ ग्रंथात उद्धृत केला. आपल्या उदाहरणात ४ने गुणून ४९ मिळवले की (२क्ष + ७)² = ५२९. म्हणून २क्ष + ७ = २३. साडेतीन कुठे आलेच नाहीत!

आता ते खोडलेलं −१५. आयताची लांबी किती? ८ + ७, म्हणजे १५. क्ष = −१५ ठेवला तर दुसरी बाजू −८ येते आणि गुणाकार पुन्हा १२०. दोन्ही मुळे एकाच आयताबद्दल बोलत आहेत; दुसऱ्यात बाजूंची अदलाबदल झाली आहे आणि चिन्हं उलटली आहेत. बागेभोवतीच्या रस्त्याच्या उदाहरणातही हेच दिसतं. बाग २० बाय १२ मीटर, सभोवती सारख्या रुंदीचा रस्ता, एकूण जागा ३८४ चौरस मीटर. रस्ता दोन्ही अंगांना असल्यामुळे प्रत्येक मापात २क्ष वाढतात. मुलं चुकतात ती इथेच, सूत्रात नव्हे. (२० + २क्ष)(१२ + २क्ष) = ३८४ सोडवलं की २ आणि −१८ मिळतात. रस्ता २ मीटरचा, बाहेरची मापं २४ आणि १६. −१८ ठेवून पाहा: −१६ आणि −२४.

कधी दोन्ही मुळे धन येतात. परिमिती ४० मीटर आणि क्षेत्रफळ ९६ असेल, तर क्ष² − २०क्ष + ९६ = ० मधून १२ आणि ८ मिळतात, म्हणजे थेट लांबी आणि रुंदी. क्षेत्रफळ १०० केलं की विवेचक (सूत्रात वर्गमूळाखाली येणारी संख्या) ४०० − ४०० = ०, दोन्ही बाजू १०, आयताचा चौरस झाला. ११० मागितलं तर विवेचक −४०. वर्गमूळाखाली ऋण संख्या आली, म्हणजे एवढ्या परिमितीत असा आयत बसतच नाही. ४० मीटरच्या कुंपणात जास्तीत जास्त १०० चौरस मीटरचा आयत मावतो आणि तो चौरसच असतो, हे एका विवेचकाने सिद्ध केलं, तेही कलनशास्त्राला हात न लावता.