डब्यावर 1080पी लिहिलंय म्हणून ब्लू-रे होत नस्तंय
परभणी-नांदेडकडं अजून सर्रास सांगतेत की एचडीएमआयवाला (एकाच केबलनं टीव्हीला चित्र-आवाज देणारा), डब्यावर 1080पी म्हणजे 1080 ओळींचं चित्र लिहिलेला डीव्हीडी प्लेयर घ्या, पिक्चर ब्लू-रेसारखाच (डीव्हीडीनंतर आलेली, जास्त बारीक चित्राची डिस्क) दिसतो. साफ खोटंय. आपल्याकडच्या डीव्हीडीवर चित्र असतंयच 720 बाय 576, ब्लू-रेवर 1920 बाय 1080, म्हणजे पाचपट ठिपके, अन् प्लेयर डीव्हीडीचं 1080पी करतो ते अपस्केल, म्हणजे मधले ठिपके अंदाजानं भरायचे, आता हिरोच्या दाढीचे केस मूळ डिस्कवरच नसतील तर प्लेयर आणणार कुठून? (थोडं बरं दिसतं, नाही म्हणत नाही.) अन् डीव्हीडी प्लेयरात ब्लू-रे डिस्क टाकून काहीच उपयोग नाही, त्याचा लेझर लाल, 650 नॅनोमीटरचा, ब्लू-रेला 405 चा लागतो. उलट ब्लू-रे प्लेयरवर जुन्या डीव्हीड्या चालतेत. फक्त रिजन (डिस्क कुठल्या देशांत चालायची त्याची खूण) बघा, भारतात ब्लू-रेला सी, अमेरिकेतनं पाहुण्यानं आणलेली ए रिजनची डिस्क अडून बसते.