तुमच्या मजकुरातलं ‘तिसरं रूप’ आम्ही का बदलतो

(इंग्रजी मजकूर तपासायला देणाऱ्या ग्राहकांसाठी)

‘आय हॅव वेंट’ खोडून आम्ही ‘आय हॅव गॉन’ केलं की हमखास विचारणा होते, “वेंट म्हणजेच भूतकाळ ना?” बरोबर आहे. पण शाळेत पाठ केलेल्या गो-वेंट-गॉनमध्ये दुसरं रूप एकट्याने वाक्य पेलतं, तिसऱ्याला ते जमत नाही. त्याला हॅव, हॅड किंवा इज, वॉज यांचा टेकू लागतो. मराठीत ‘गेलो’ आणि ‘गेलेलो आहे’ यांत साधारण तसाच फरक आहे. बोलताना आपण ‘गेलेलो’वरच थांबतो, ती गोष्ट वेगळी.

शेवटी ‘ईडी’ लागणाऱ्या क्रियापदांची दुसरी-तिसरी रूपं सारखीच, त्यामुळे तिथे चूक व्हायला वाव नाही. कट, पुट, हिट तर तिन्ही रूपांत जसेच्या तसे. त्रास देतात ती सिंग-सँग-संगसारखी जुनी क्रियापदं, आणि सगळ्यांत जास्त ‘लाय’ आणि ‘ले’. आडवं होणं म्हणजे लाय-ले-लेन. ठेवणं म्हणजे ले-लेड-लेड. एकाचं दुसरं रूप तेच दुसऱ्याचं पहिलं! इथे आम्हीही क्षणभर थांबतो.

‘आयएनजी’च्या रूपात कटकट आहे ती फक्त स्पेलिंगची. राइटमधला ई जातो, रनमधला एन दुप्पट होतो. मरणे या अर्थाच्या ‘डाय’मधल्या ‘आयई’चा वाय होतो. रंगवणे या अर्थाच्या ‘डाय’मधला ई मात्र जपून ठेवायचा, नाहीतर कापड रंगवणारा माणूस कागदावर मरायला टेकतो. ‘ट्रॅव्हलिंग’मध्ये ब्रिटिश दोन एल लिहितात, अमेरिकन एक. तुम्हाला कोणती पद्धत हवी, हे काम घेतानाच विचारतो ते यासाठी.

आता नोकरीच्या अर्जातलं हे वाक्य बघा: ‘आय ॲम व्हेरी इंटरेस्टिंग इन धिस पोस्ट.’ लिहिणाऱ्याला म्हणायचंय की मला रस आहे. वाचणाऱ्याला दिसतं की मी भारी मजेशीर माणूस आहे. इथे ‘इंटरेस्टेड’ हवं. घाबरवणारा आणि घाबरलेला यांत आपण कधी गोंधळत नाही, मग बोरिंग आणि बोर्ड यांतही गोंधळायचं कारण नाही. परिणाम करणारा तो ‘आयएनजी’, परिणाम झालेला तो ‘ईडी’. मात्र गळणे, पडणे अशा क्रियापदांना हा हिशेब लावू नका. तिथे ‘फॉलिंग लीव्ह्ज’ म्हणजे गळत असलेली पानं आणि ‘फॉलन लीव्ह्ज’ म्हणजे गळून पडलेली.

एक चूक मात्र आम्ही परस्पर दुरुस्त करत नाही. ‘वॉकिंग टू द ऑफिस, द रेन स्टार्टेड.’ मराठीत ‘ऑफिसला चालत जाताना पाऊस सुरू झाला’ हे अगदी चोख वाक्य आहे, म्हणूनच हात सहज तसा वळतो. इंग्रजीत मात्र सुरुवातीच्या ‘वॉकिंग’चा कर्ता स्वल्पविरामानंतर शोधतात, आणि तिथे सापडतो पाऊस. म्हणजे पाऊसच चालत ऑफिसला निघाला! खरं कोण चालत होतं, मी, आम्ही की साहेब, हे तुम्हालाच ठाऊक. अशा ठिकाणी समासात ‘कोण?’ एवढंच लिहून आम्ही मजकूर परत पाठवतो. तेवढं नाव कळवा, पुढचं वाक्य आम्ही बसवतो.