सहा प्रश्नांत स्वभाव कळतो का?

परवा तास संपल्यावर बी.ए.ची एक विद्यार्थिनी मोबाईल घेऊन आली. "सर, यात मी अंतर्मुख आले. अगदी बरोबर सांगितलंय बघा!" चाचणीत प्रश्न होते सहा. त्यातला एक आवडत्या रंगाचा.

आपल्याला पटलं म्हणजे चाचणी खरी, असं नसतं. १९४८ साली मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांनी ३९ विद्यार्थ्यांना प्रत्येकाच्या स्वभावाचं म्हणून एकच वर्णन वाटलं. त्यातली वाक्यं ज्योतिषाच्या पुस्तकातली. मुलांनी त्याला पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. कोल्हापुरात जन्मलेल्या जयंत नारळीकरांनी तर ज्योतिष्यांचीच परीक्षा घेतली: पत्रिकेवरून मूल हुशार की मतिमंद ते ओळखा. २७ जणांनी प्रत्येकी ४० पत्रिका पाहिल्या, उत्तरं बरोबर आली सरासरी ४६ टक्के. नाणं उडवूनही ५० टक्के येतात. पत्रिका असो की मोबाईलवरची चाचणी, कसोटी तीच लावायला हवी.

म्हणून शिकवण्यासाठी मी ज्यांचे प्रश्न आणि गुण देण्याची रीत दोन्ही उघड आहेत अशाच चाचण्या घेतो. लुईस गोल्डबर्ग यांच्या पुढाकाराने उभा राहिलेला 'इंटरनॅशनल पर्सनॅलिटी आयटम पूल' हा विधानांचा साठा तसा आहे. तीन हजारांवर विधानं, वापरायला ना पैसे, ना परवानगी.

पण एकाच स्वभावगुणासाठी अनेक विधानं कशाला? डुगडुगत्या काट्यावर गुळाचा रवा एकदाच ठेवला तर वजनाचा भरवसा नाही, दहादा ठेवून सरासरी काढली तर आहे. 'मला अनोळखी माणसांशी बोलायला आवडतं' याला १ (अजिबात लागू नाही) ते ५ (अगदी लागू) असे गुण द्यायचे, तर रंकाळ्यावरून मित्रांसोबत फिरून आलेला मुलगा ५ देईल, तोच परीक्षेच्या आदल्या रात्री २ देईल. एकाच स्वभावगुणाची दहा विधानं ठेवली की खरा गुण प्रत्येकात तोच असल्यामुळे बेरजेत साठत जातो, चुका मात्र कधी वर, कधी खाली जाऊन एकमेकींना खातात. गणितात सांगायचं तर खऱ्या भागाचं प्रचरण, म्हणजे गुण किती पसरलेत त्याचं माप, विधानसंख्येच्या वर्गाने वाढतं, चुकांचं नुसतं संख्येच्या पटीत. विधानांमधला सरासरी सहसंबंध (० म्हणजे काहीच संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण जुळणी) जेमतेम ०.२ असला तरी दहा विधानांची विश्वसनीयता, म्हणजे बेरजेवर किती भरवसा ठेवावा ते माप, ०.७१ होते, विसांची ०.८३. मला हे गणित फार सुंदर वाटतं. कच्च्या विटांतून पक्की भिंत उभी राहते.

चुका एकाच बाजूला झुकल्या तर मात्र हे गणित फसतं. काहींना सगळ्यालाच 'हो' म्हणायची सवय असते. त्यासाठी 'अनोळखी माणसांत मी गप्प असतो' अशी उलटी विधानं पेरतात आणि त्यांचे गुण सहामधून वजा करतात, म्हणजे ५ चा १ होतो.

भाषांतरातही असाच घात होतो. त्या साठ्यात 'मी पार्टीचा प्राण असतो' अशा अर्थाचं इंग्रजी विधान आहे. ते शब्दशः मराठीत दिलं, तर आमच्या एका विद्यार्थ्याने 'पार्टी' म्हणजे राजकीय पक्ष समजून १ दिला. आता तिथे 'मी आलो की गप्पांना रंग चढतो' असं आहे.

या गुरुवारी वर्ग वीस विधानं भरणार आहे. प्रत्येकाने सम क्रमांकांची बेरीज वेगळी करायची, विषमांची वेगळी. दोन्ही बेरजा जुळतात का, ते फळ्यावर आलेख काढून बघू.