नाव लपवण्यापासून नियम लिहिण्यापर्यंत

सांगलीत आमचा विज्ञानकथा-अद्भुतकथा वाचणाऱ्यांचा एक गट आहे. कॉलेजातली मुलंमुली, काही शिक्षक, बँकेतून निवृत्त झालेले एक काका. गटाच्या बैठकांसाठी आणि मोबाइलवरच्या ग्रुपसाठी लेखी नियम करावेत असा विषय निघाला, तेव्हा पहिला आक्षेप आला की ही अमेरिकेतली भानगड, आपल्याकडे कशाला? आपण सगळे घरचेच. ही पार्श्वभूमी त्या आक्षेपासाठी लिहिली आहे. ‘आपण घरचेच’ हे वाक्य या साहित्याच्या चाहत्यांमध्ये फार जुनं आहे, आणि त्याच्या आडून बायकांनी काय सोसलं याच्या नोंदी आहेत.

आधी एक समज दूर करायला हवा: हा पुरुषांचा प्रांत होता आणि बायका मागाहून आत शिरल्या. मेरी शेली यांची ‘फ्रँकेन्स्टाइन’ ही कादंबरी १ जानेवारी १८१८ रोजी छापून आली तेव्हा त्या वीस वर्षांच्या होत्या. पुस्तकावर नाव नव्हतं, आणि वाचणाऱ्यांपैकी काहींनी ते सरळ त्यांच्या नवऱ्याच्या खात्यावर टाकलं. आपल्या देशात रुकैया सखावत हुसेन यांनी १९०५ मध्ये मद्रासच्या एका इंग्रजी मासिकात एका देशाची कथा लिहिली. तिथे पुरुष पडद्यात आहेत, आणि बायका सूर्याच्या उष्णतेवर कामं चालवतात, हवेतून प्रवास करतात. अमेरिकेत विज्ञानकथेला वाहिलेलं पहिलं मासिक १९२६ मध्ये निघालं. त्याच्या वीस वर्षं आधीची ही गोष्ट.

अमेरिकेतला चाहतावर्ग उभा राहिला तो मासिकांतल्या वाचकांच्या पत्रांमधून. पत्राखाली पूर्ण पत्ता छापत, त्यामुळे वाचक एकमेकांना लिहू लागले, मंडळं निघाली आणि १९३९ मध्ये न्यूयॉर्कला पहिलं जागतिक विज्ञानकथा संमेलन भरलं. कथेत बायका आणि प्रेमप्रकरणं नकोत, असा आग्रह याच पत्रांमध्ये धरला जात होता. तो धरणाऱ्यांत आयझॅक अ‍ॅसिमॉव्ह नावाचा विशीही न गाठलेला मुलगा होता.

मग बायकांनी लिहायचं कसं? नाव झाकून. अमेरिकन लेखिका उर्सुला ले ग्विन यांची कथा ‘प्लेबॉय’ मासिकाने १९६९ मध्ये छापली, पण पहिल्या नावाची फक्त आद्याक्षरं घालू द्या, अशी विनंती करून. अ‍ॅलिस शेल्डन यांची हकीकत तर पूर्ण सांगण्यासारखी आहे. दुसऱ्या महायुद्धात लष्करात हवाई छायाचित्रं वाचण्याचं काम, नंतर सीआयएत नोकरी, पुढे मानसशास्त्रात डॉक्टरेट. त्यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस विज्ञानकथा पाठवायला सुरुवात केली ती जेम्स टिपट्री ज्युनियर या नावाने. ‘टिपट्री’ हे नाव घेतलं होतं दुकानातल्या मार्मालेडच्या बरणीवरून. संपादकांशी, लेखकांशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार चालला, पण समोर कधी कोणी आलं नाही. रॉबर्ट सिल्व्हरबर्ग या नामवंत लेखकाने १९७५ मध्ये त्यांच्या संग्रहाला प्रस्तावना लिहिली. ही बाई असावी अशी कुजबुज त्याच्या कानावर होती. त्याने ती हास्यास्पद ठरवली आणि या लेखनात काहीतरी अस्सल पुरुषी आहे असं बजावून सांगितलं. पुढच्याच वर्षी शेल्डन यांची आई वारली, मृत्युलेख छापून आला, त्यावरून चाहत्यांनी माग काढला आणि गुपित फुटलं.

याच काळात आपल्याकडेही एकाने नाव लपवलं होतं. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या कथास्पर्धेत जयंत नारळीकरांनी ‘कृष्णविवर’ ही कथा ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने पाठवली आणि पहिलं बक्षीस मिळवलं. आपल्या कीर्तीचं दडपण परीक्षकांवर येऊ नये, म्हणून त्यांनी नाव झाकलं. शेल्डन यांनी झाकलं ते बाई म्हणून आधीच कमी लेखलं जाऊ नये म्हणून. या दोन लपवण्यांमधलं अंतर मला फार महत्त्वाचं वाटतं.

नावाचा प्रश्न कागदावरचा. संमेलनात अंगाला हात लागायचा. तोच अ‍ॅसिमॉव्ह, आपल्यापैकी अनेकांचा आवडता लेखक, संमेलनांत बायकांना नको तिथे हात लावत असे. हे त्या काळच्या अनेकांनी लिहून ठेवलं आहे. शिकागोच्या १९६२ च्या जागतिक संमेलनाच्या आयोजकांनी तर, बायकांच्या पार्श्वभागाला चिमटे काढण्याच्या फायद्यांवर गमतीचं भाषण द्याल का, असं पत्र त्याला आदल्या वर्षी पाठवलं. ते भाषण झालं नाही. पण असं पत्र लिहावंसं वाटलं, ते आयोजकांनी लिहिलं आणि कोणाला त्यात वावगं दिसलं नाही, यातच सगळं आलं. त्याच्या जवळ एकटी जाऊ नकोस, हे बायका एकमेकींना कानात सांगत. ज्या नव्या मुलीच्या ओळखीचं कोणी नसे, तिला ते कळतच नसे. घरगुती वातावरणाचा तोटा नेमका हा: सावध केलं जातं ते ओळखीच्यांनाच.

१९७७ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसन शहरात ‘विसकॉन’ हे स्त्रीवादी विज्ञानकथा संमेलन सुरू झालं. तिथेच १९९१ मध्ये लिंगभावाचा नव्याने विचार करणाऱ्या कथांसाठी टिपट्री यांच्या नावाचा पुरस्कार जाहीर झाला. त्याचे पैसे उभे केले ते घरचे केक-बिस्किटं विकून.

नियमांच्या दृष्टीने सर्वांत शिकण्यासारखं प्रकरण २०१२ चं. बॉस्टनजवळच्या ‘रीडरकॉन’ या संमेलनाचा लेखी नियम स्पष्ट होता: छळ सिद्ध झाला की कायमची बंदी. एका लेखिकेने तक्रार केली, ती खरी ठरली, आणि मंडळाने बंदी घातली फक्त दोन वर्षांची. कारण काय, तर माणूस जुना चाहता होता आणि त्याला मनापासून पश्चात्ताप झालेला दिसला. यावर एवढा संताप उसळला की अख्ख्या मंडळाने राजीनामा दिला आणि बंदी कायमची झाली. पुढच्या वर्षी जॉन स्कॉल्झी या लेखकाने जाहीर केलं की छळविरोधी नियम नसलेल्या संमेलनाला आपण पाहुणे म्हणून जाणार नाही. शेकडो जणांनी त्याला साथ दिली, आणि नियम करणं आयोजकांना भाग पडू लागलं.

उलटी लाटही आली. २०१५ मध्ये ह्यूगो या विज्ञानकथेतल्या मानाच्या, चाहत्यांच्या मतांवर ठरणाऱ्या पुरस्कारांची नामांकनं एका गटाने ठरवून भरली. बायका आणि गोरे नसलेले लेखक गुणांवर नव्हे तर राजकारणावर जिंकतात, असा त्यांचा कांगावा होता. मतदारांनी पाच विभागांत कोणालाच पुरस्कार दिला नाही. एन. के. जेमिसिन या कृष्णवर्णीय लेखिकेने २०१६, २०१७ आणि २०१८ अशी सलग तीन वर्षं सर्वोत्तम कादंबरीचा ह्यूगो घेतला.

आता आपल्याकडे. सांगलीला आपण नाट्यपंढरी म्हणतो. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये इथेच ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणलं. देव, ऋषी, आरोळ्या ठोकत येणारे राक्षस: मराठी माणसाने रंगमंचावर पाहिलेलं हे पहिलं अद्भुत, आणि त्यातली सीतासुद्धा पुरुषच. पुढे पलूस तालुक्यातल्या नागठाण्याच्या बालगंधर्वांनी ही स्त्रीपार्टाची कला शिखरावर नेली. त्यांच्या कलेबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण बाईची भूमिका जिथे सर्वांत देखणी होती, तिथे बाईला उभं राहायला जागा नव्हती, हेही या गावाने लक्षात ठेवावं. साहित्य संमेलनाचंही तेच. कराडला १९७५ मध्ये, आणीबाणीत, दुर्गा भागवत अध्यक्ष झाल्या, त्या केवळ दुसऱ्या स्त्री अध्यक्ष. सांगलीच्या तारा भवाळकर २०२५ मध्ये दिल्लीच्या ९८ व्या संमेलनाच्या अध्यक्ष झाल्या, त्या सहाव्या. मराठी विज्ञानकथेत शुभदा गोगटे, मेघश्री दळवी ठामपणे लिहीत आल्या, तरी मराठी विज्ञानकथाकारांची नावं विचारली की आपल्या तोंडी आधी पुरुषांचीच येतात.

आणि आज काय चालतं ते जवळून पाहिलेलं सांगते. एका कॉलेजच्या महोत्सवात एक मुलगी ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या अद्भुतकथेचं चित्र असलेला टीशर्ट घालून आली. एका मुलाने अडवलं: “वाचलंयस की नुसतं पिक्चर बघितलास? गँडाल्फच्या घोड्याचं नाव सांग.” तिने सांगितलं. “बरं, तलवारीचं?” तेही सांगितलं. तिसरा प्रश्न तयारच होता. शेजारी तसलाच टीशर्ट घातलेल्या मुलाला कोणी काही विचारलं नाही. ग्रुपवर तर आणखी वाईट. मुलीने पुस्तकावर चार ओळी लिहिल्या की रात्री साडेअकराला खासगीत मेसेज: “जागी आहेस का?” उत्तर दिलं नाही की “एवढा भाव खातेस?” मग ती मुलगी गुपचूप ग्रुप सोडते, आणि आपण म्हणतो, मुलींना या विषयात रसच नसतो.

कायदा इथे कुठवर पोचतो? सर्वोच्च न्यायालयाच्या १९९७ च्या विशाखा निकालातून आलेला २०१३ चा छळप्रतिबंधक कायदा कामाच्या ठिकाणी लागू होतो. संस्था आणि न्यास त्यात येतात आणि बिनपगारी काम करणाऱ्यांनाही तो धरतो. प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक समिती असते. तक्रार सर्वसाधारणपणे तीन महिन्यांत करायची असते. नको म्हटल्यावरही पुन्हा पुन्हा संपर्क साधणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे. पण आपला ग्रुप म्हणजे कामाचं ठिकाण नव्हे, आणि प्रत्येक मेसेजसाठी मुलीने पोलीस ठाण्याची पायरी चढावी, ही अपेक्षा बरोबर नाही. मधली जागा आपल्यालाच भरावी लागेल.

म्हणून आमच्या नियमांच्या मसुद्यात असं आहे: तक्रार ऐकायला दोन जण, त्यांत एक बाई; दोघांचे नंबर ग्रुपच्या माहितीत कायम दिसतील; तक्रार करणारीचं नाव बाहेर जाणार नाही; ज्याच्याविरुद्ध तक्रार असेल त्याने निर्णय होईपर्यंत बैठकीला यायचं नाही; आणि शिक्षा किती, हे आधीच लिहिलेलं असेल, माणूस किती जुना किंवा किती ओळखीचा हे पाहून ठरणार नाही. चर्चा अडली आहे ती एका मुद्द्यावर: बाहेरून येणाऱ्या वक्त्यांना हे नियम आधी पाठवायचे का. काकांना तो पाहुण्यांचा अपमान वाटतो. शिकागोला जी मोकळीक होती ती पाहुण्यालाच होती, त्यामुळे माझं मत आहे की निमंत्रणाच्या पत्रासोबतच नियमांचा कागद जावा.