शिंपल्यावरून जुन्या पाण्याचे तापमान: नमुने पाठवण्यापूर्वी वाचा

शिंपला थरावर थर चढवत वाढतो. थर चढताना पाणी जितके थंड, तितका त्यात जड ऑक्सिजन-18 जास्त. मिजागरीपासून काठापर्यंत ओळीने पूड काढून हे प्रमाण मोजले की ऋतूंचा चढउतार दिसतो. तिसऱ्यांसारख्या, कॅल्शियम कार्बोनेटच्या एका खनिजरूपाच्या म्हणजे अ‍ॅरागोनाइटच्या शिंपल्यात दर हजारी 1 चा फरक म्हणजे साधारण 4.3 अंश सेल्सिअस.

पण हा आकडा त्या पाण्यातल्या ऑक्सिजनवरही ठरतो, आणि कोकणातल्या खाड्यांत खरी मेख इथेच आहे. पावसाळ्यात गोडे पाणी उतरले की खाडीतला जड ऑक्सिजन घटतो. पाणी दर हजारी 1 ने हलके झाले आणि ते गणितात धरले नाही, तर उत्तर चार अंशांहून जास्त गरम येते. म्हणजे जुलै मे महिन्यासारखा दिसतो! म्हणून शिंपल्यांसोबत पाणी लागतेच. 30 मिलिलिटरची बाटली काठोकाठ भरा, बुडबुडा राहू देऊ नका, बूच घट्ट लावा. पाणी उडाले तर उरलेले जड होते. तारीख, क्षारता, तापमान बाटलीवरच लिहा. वर्षभराला एक बाटली पुरत नाही: महिन्याला एक, पावसाळ्यात पंधरवड्याला एक.

शिंपले जिवंत पकडलेले हवेत, कारण मग काठाची तारीख पक्की असते. मांस सुरीने काढा, निखाऱ्यावर भाजू नका. उष्णतेने अ‍ॅरागोनाइटचे कॅल्साइट, म्हणजे त्याच पदार्थाचे दुसरे खनिज, होते. व्हिनेगर किंवा फॉर्मालिन नको, दोन्ही पृष्ठभाग खातात. नळाचे पाणी आणि मऊ ब्रश पुरे. सावलीत वाळवून कागदी पाकिटात भरा. कालवे वेगळी ठेवा. त्यांचे कवच मुख्यतः कॅल्साइटचे असते, आणि दोन्ही खनिजांना एकच सूत्र लावले तर सुमारे तीन अंशांची चूक होते.

आमच्या प्रयोगशाळेत शिंपला इपॉक्सीत (घट्ट होणाऱ्या राळेत) बसवून हिरापात्याच्या मंदगती करवतीने कापला जातो. 0.3 ते 0.5 मिलिमीटरच्या ड्रिलने प्रत्येक खड्ड्यातून सुमारे 100 मायक्रोग्रॅम पूड निघते. ड्रिलही सावकाश चालवतो. तापले तर इथेही खनिज बदलण्याचा धोका. पुडीवर 70 अंशांना फॉस्फोरिक आम्ल सोडून निघालेला कार्बन डायऑक्साइड मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये, म्हणजे जड-हलका ऑक्सिजन मोजणाऱ्या यंत्रात, जातो. म्हाताऱ्या शिंपल्यात काठाजवळचे थर इतके दाटतात की एका खड्ड्यात अनेक महिने मिसळतात, म्हणून तरुण शिंपलाच द्या.

अहवालात शिंपल्याचा आकडा व्हीपीडीबी (कार्बोनेटसाठीच्या संदर्भ) मापनावर, पाण्याचा व्हीएसएमओडब्ल्यूवर (पाण्यासाठीच्या संदर्भ मापनावर) असतो. स्वतः गणित करणार असाल तर पाण्याच्या आकड्यातून आधी 0.27 वजा करा. विसरलात तर तापमान सुमारे 1.2 अंशांनी जास्त येते.

उत्खननातल्या शिंपल्यांचे तेव्हाचे पाणी कुठून आणणार? तिथे आम्ही अंश सांगत नाही. ऋतूंचा चढउतार आणि शेवटचा काठ कोणत्या ऋतूत घडला, एवढेच सांगतो.

आणखी एक. क्षारता फार उतरली की शिंपला मिटून घेतो, वाढ थांबते. त्यामुळे ऐन पुराच्या दिवसांचा थरच नसतो. अहवालात तिथे फक्त वाढरेषा, म्हणजे वाढ थांबल्याची खूण, दाखवलेली असेल. आलेख काढताना तिच्या दोन्ही बाजूंचे बिंदू रेघेने जोडू नका.