मंडळी : कोल्हापूरच्या ख्रिस्ती घराची आणि चर्चची पार्श्वभूमी

कोल्हापुरात एखाद्याला "काय हो, मंडळींना नाही आणलं?" असं विचारलं, की प्रश्न बायकोबद्दल आहे हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. मराठी ख्रिस्ती माणूस हाच शब्द आपल्या चर्चसाठी वापरतो. चर्च ही दगडाची इमारत झाली, तिच्यात जमणारी माणसं म्हणजे मंडळी. नव्या करारातल्या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही बोलावून जमवलेली माणसं असाच आहे. त्यासाठी मराठीला घरातलाच शब्द सापडला, ही गोष्ट मला नेहमी मोलाची वाटत आली आहे. रविवारी चर्चमध्ये दिसणारा विश्वास सोमवारी घरात दिसतो का, हा प्रश्न आमच्याकडे दर थोड्या दिवसांनी उपदेशात येतो, घरगुती प्रार्थनासभेतही येतो. तो इतका जिव्हाळ्याचा का आहे, हे समजायला बरंच मागे जावं लागतं.

शाहूपुरीतल्या चर्चला ज्यांचं नाव आहे, ते रॉयल गूल्ड वायल्डर हे अमेरिकन मिशनरी. ते १८४६ मध्ये भारतात आले आणि अहमदनगरला काही वर्षं काढून १८५२ मध्ये कोल्हापुरात आले. त्यांचा भर शाळांवर होता. बॉस्टनमधल्या त्यांच्या संस्थेचे सचिव रुफस अँडरसन यांचं मत वेगळं होतं. मिशनऱ्याने मुख्यतः उपदेश करावा, मंडळ्या उभ्या कराव्यात, शाळांत फार गुंतू नये, असं ते मानत. हा वाद इतका वाढला की वायल्डर त्या संस्थेतून बाहेर पडले आणि १८६० च्या दशकात स्वतंत्रपणे कोल्हापुरात काम करत राहिले. १८७० मध्ये हे काम अमेरिकेतल्या प्रेस्बिटेरियन या प्रोटेस्टंट पंथाच्या मिशनकडे गेलं. आज शहरात आयर्विन ख्रिश्चन आणि एस्तेर पॅटन ही शाळांची नावं सगळ्या जातिधर्मांची माणसं सहज घेतात, त्यामागे शाळेला जपणारी ही परंपरा आहे. अँडरसन यांच्या म्हणण्यातही तथ्य होतं. पण मुलाला, आणि विशेषतः मुलीला, अक्षरओळख झाल्याशिवाय घरात वचन वाचणार कोण, या प्रश्नावर मी वायल्डर यांच्या बाजूने आहे.

वायल्डर यांचा मुलगा रॉबर्ट १८६३ मध्ये कोल्हापुरातच जन्मला. पुढे हे कुटुंब अमेरिकेत प्रिन्स्टनला राहायला गेलं. तिथे त्यांच्या राहत्या घरी विद्यार्थी प्रार्थनेला जमत आणि बहीण ग्रेस दुसऱ्या खोलीत बसून त्यांच्यासाठी प्रार्थना करत असे. १८८६ मध्ये माउंट हर्मन इथल्या विद्यार्थी शिबिरात शंभर तरुणांनी मिशनकार्यासाठी नावं दिली आणि त्यातून मोठी विद्यार्थी चळवळ उभी राहिली. तिच्या मुळाशी भावाबहिणीची घरातली प्रार्थना होती. वडिलांच्या निधनानंतर ग्रेस आणि तिची आई पुन्हा कोल्हापूरच्या बाजूला कामासाठी आल्या. रविवारच्या शाळेत मुलांना ही हकिकत मी आवर्जून सांगतो, कारण तिच्यातली ती दुसरी खोली मुलांच्या लक्षात राहते.

इथल्या पहिल्या विश्वासणाऱ्यांची घरं मात्र अशी एकसंध नव्हती. त्या काळी बाप्तिस्मा घेणाऱ्याला घर, वाटा, जात आणि सोयरीक एका दिवसात गमवावी लागे. कवी नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्यापासून काही वर्षं वेगळ्या राहिल्या. लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रामुळे ती घुसमट साऱ्या महाराष्ट्राला कळली. ज्यांनी काही लिहून ठेवलं नाही, अशा किती घरांत तेच घडलं असेल! घर सुटलेल्या माणसाला मंडळीच भाऊ, मामा, सासर सगळं व्हायची. लग्न जुळवायची मंडळी, बाळंतपणाला धावायची मंडळी आणि मातीला खांदा द्यायचीही मंडळीच. आमच्या पाळकसाहेबांना, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना, आजही लग्नाच्या बोलणीत पुढे बसवतात, त्याची मुळं तिथे आहेत.

मिशन कंपाउंड, म्हणजे मिशनच्या आवारातली ख्रिस्ती वस्ती, हीही याच गरजेतून आली. निराधार झालेल्यांना छप्पर हवं होतं, दुष्काळात पोरकी झालेली मुलं वसतिगृहांत येत होती, आणि कंपाउंडच्या भिंतीने त्यांना सांभाळलं. पण त्याच भिंतीने शेजार तोडला, हेही खरं आहे. गावच्या जत्रेपासून, पारावरच्या गप्पांपासून आमचे लोक दूर गेले आणि 'साहेबाचा धर्म' हा शिक्का बसला तो कितीतरी वर्षं पुसला गेला नाही.

तो पुसण्याचं काम गाण्याने केलं. कृष्णाजी रत्नाजी सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाची वाट रुळवली आणि टिळकांनी अभंगाला, ओवीला, भजनाला उपासनेत बसवलं. ज्ञानोबा-तुकोबांच्या छंदात प्रभूचं नाव आलं तेव्हा ते आजीच्या ओठांवर बसलं. 'उपासना संगीत' हे पुस्तक चर्चच्या बाकावर असतं तसंच घरात बायबलशेजारी असतं. माझ्या आजीला वाचता येत नव्हतं, पण रात्रीच्या प्रार्थनेत पेटीवर पहिला सूर लागला की सगळी कडवी तिला तोंडपाठ असत. तिचं धर्मशिक्षण त्या गाण्यांतूनच झालं. टिळकांनी १९१७ मध्ये जवळच साताऱ्याला 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले ख्रिस्तभक्त एकत्र बसू शकतील अशी ती जागा होती. दोन वर्षांनी ते गेले आणि दरबार फार वाढू शकला नाही. माझ्या मते मराठी मंडळीचं ते मोठंच नुकसान होतं.

याच काळात केडगावला पंडिता रमाबाई बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर करत होत्या. कमी शिकलेल्या बाईला एकटीने वाचून कळावं, हा त्यांचा ध्यास होता. मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी हे काम एप्रिल १९२२ मध्ये, मृत्यूच्या अगदी आधी, पुरं केलं.

कोल्हापूरची गोष्ट राजर्षी शाहू महाराजांशिवाय पुरी होत नाही. २६ जुलै १९०२ च्या जाहीरनाम्याने त्यांनी संस्थानातल्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी पन्नास टक्के जागा राखल्या. शहरात समाजासमाजांची वसतिगृहं उभी राहिली, त्यांत ख्रिस्ती विद्यार्थ्यांचंही होतं. खेड्यातून आलेला ख्रिस्ती मुलगा मराठा, जैन, लिंगायत, मुस्लिम मुलांच्या बरोबरीने याच शहरात शिकू लागला. कंपाउंडच्या भिंतीला त्यामुळे खिडकी मिळाली. तिकडे मिरजेत डॉ. विल्यम वानलेस यांचं हॉस्पिटल १८९४ पासून चालू होतं. तिथल्या परिचारिकांमुळे कोल्हापूर-सांगलीकडच्या किती घरांत पहिली पगारदार बाई आली!

कायद्याचा एक भाग घरोघरी नीट माहीत नसतो, म्हणून सांगतो. १८७२ च्या कायद्याने ख्रिस्ती विवाहाची नोंद ठरली. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यानुसार, मृत्युपत्र न करता माणूस गेला तर मुलंबाळं असलेल्या विधवेला एक तृतीयांश आणि उरलेलं मुलगे व मुलींना सारखं मिळतं. मुलीचा हिस्सा आमच्याकडे शंभर वर्षं कागदावर आहे. तरीही "ताईने सही करून दिली" हे वाक्य आमच्या घरांतही ऐकू येतं. विश्वास घरात दिसतो का, हे तपासायची ही खरी जागा आहे असं मी मानतो. दुसरी जागा सोयरिकीची. चर्चमध्ये एकाच प्याल्यातून प्रभुभोजनाचा विधी घेणारी माणसं लग्नाच्या बोलणीत मूळ जात हळूच विचारतात, ही आमची जुनी जखम आहे आणि ती अजून भरलेली नाही.

प्रेस्बिटेरियन पद्धतीत मंडळीचा कारभार सभासदांनी निवडलेले 'वडील' पाहतात. हाही शब्द घरातलाच! २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला वेगवेगळे प्रोटेस्टंट पंथ एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. कोल्हापूरचा धर्मप्रांत झाला, त्याचे प्रमुख म्हणून बिशप आले, पण वडिलांना विचारायची सवय गेली नाही. आजरा-गडहिंग्लजकडे गोव्याशी नातं सांगणारी कॅथलिक घरं आहेत. त्यांची जपमाळेची परंपरा वेगळी आहे, तिच्यावर स्वतंत्रच लिहायला हवं.

पन्हाळा तालुक्यातल्या कोडोलीसारख्या गावाकडे गेलं की हे सगळं एका जागी पाहायला मिळतं. कापणीच्या सणाला वेदीपुढे भाताची पोती, उसाच्या मोळ्या, गुळाची ढेप, कोंबडी, कोहळा असं सगळं मांडतात. उपासना झाली की लिलाव होतो आणि पैसे मंडळीच्या कामाला जातात. गुळाची ढेप घेणारा ती बऱ्याचदा फोडून तिथेच वाटतो. नाताळात करंज्या-चकल्यांची ताटं शेजारी जातात, दारावर चांदणी लागते, दुपारी तांबडा-पांढरा होतो आणि कॅरल्सवाली पोरं मध्यरात्रीपर्यंत घरं घेत फिरतात. भिंतीवर बायबलमधल्या यहोशवाच्या चोविसाव्या अध्यायातलं, मी आणि माझं घराणं परमेश्वराची सेवा करू अशा अर्थाचं वचन फ्रेम करून लावलेलं असतं.

आमच्या घरच्या बायबलच्या पहिल्या कोऱ्या पानावर चार पिढ्यांचे जन्म, बाप्तिस्मे आणि लग्नं लिहिलेली आहेत. सुरुवातीची अक्षरं मिशनच्या शाळेत गिरवलेली, शाईने, ठाशीव. शेवटची माझ्या मुलीची आहेत, बॉलपेनने. ती नोकरीसाठी पुण्याला असते. रात्री नऊला तिचा व्हिडिओ कॉल येतो. आई पदर डोक्यावर घेते, मी पेटी ओढतो आणि तिकडून मुलगी विचारते, "सगळी मंडळी बसली का?"