रिपोर्ट नॉर्मल, माणूस मात्र आजारी

कोविड होऊन जातो, ताप उतरतो, चाचणी निगेटिव्ह येते. थोडे दिवस अशक्तपणा राहणार हे सगळ्यांनी गृहीतच धरलेलं असतं. पण महिना उलटतो, तीन महिने उलटतात, तरी जिना चढल्यावर छाती धडधडते, बोलता बोलता साधा शब्द सापडत नाही, आंघोळ करून आलं की पलंगावर आडवं व्हावं लागतं. मग तपासण्या सुरू होतात. रक्त, एक्स-रे, ईसीजी, इको, थायरॉइड, सगळं जागच्या जागी. "रिपोर्ट नॉर्मल आहेत. काळजी करू नका, रोज थोडं चालत जा, व्यायाम वाढवा." लाँग कोविडच्या रुग्णांना हे वाक्य तोंडपाठ झालेलं असतं. धीर देण्यासाठीच ते म्हटलेलं असतं, पण त्यातला व्यायामाचा सल्ला काही रुग्णांना सरळसरळ अपाय करतो. असं का होतं, हे अॅमस्टरडॅममधल्या एका प्रयोगातून फार स्पष्ट दिसलं.

या प्रयोगात लाँग कोविडचे २५ रुग्ण होते आणि तुलनेसाठी कोविड होऊन पूर्ण बरी झालेली २१ माणसं. सगळ्यांना व्यायामाच्या सायकलवर साधारण पंधरा मिनिटं बसवलं. त्याच्या आठवडाभर आधी प्रत्येकाच्या मांडीच्या स्नायूचा एक बारीक तुकडा काढून घेतला होता, आणि सायकल चालवल्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा एक. मग दोन्ही तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून पाहिले. पेशीत ऊर्जा तयार करणारे जे मायटोकाँड्रिया असतात, ते रुग्णांमध्ये आधीपासूनच मंद होते आणि व्यायामानंतर आणखी मंदावले. स्नायूचे काही तंतू चक्क मेलेले दिसले. रोगप्रतिकारक पेशी स्नायूत शिरल्या होत्या. अमायलॉइडसारख्या, गोळा होऊन साचणाऱ्या प्रथिनांचे साठे स्नायूत आधीच जास्त होते, ते व्यायामानंतर वाढले. हे निष्कर्ष जानेवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. याच रुग्णांची हृदयं आणि फुफ्फुसं तपासली तेव्हा ती ठीक चालत होती. म्हणजे नेहमीच्या रिपोर्टात यातलं काहीच आलं नसतं.

श्रमानंतर होणाऱ्या या घसरणीला रुग्ण आपापसात 'क्रॅश' म्हणतात. साधा थकवा असेल तर झोप काढल्यावर उतरतो. क्रॅश मात्र बरेचदा लगेच येतच नाही. आज बाजारात जाऊन आलं, बरं वाटलं, आणि उद्या किंवा परवा अंगातलं सगळं बळ ओढून घेतल्यासारखं झालं. मग दिवसचे दिवस, कधी आठवडे अंथरुणात जातात. कारण आणि परिणाम यांच्यात एक-दोन दिवसांचं अंतर पडत असल्यामुळे रुग्णालाच संबंध लागत नाही, तर घरच्यांना कुठून लागणार? 'काल तर चांगला हिंडत होता' हे वाक्य तिथून येतं.

या आजाराला नाव दिलं तेही रुग्णांनीच. मे २०२० मध्ये एलिसा पेरेगो या इटालियन पुरातत्त्वज्ञ संशोधिकेने, स्वतः आजारी असताना, ट्विटरवर 'लाँग कोविड' हे दोन शब्द हॅशटॅग म्हणून वापरले आणि ते रुळले. तेव्हा अधिकृत समज अशी होती की सौम्य कोविड दोन आठवड्यांत बरा होतो. पुढे रुग्ण-संशोधकांच्या एका गटाने ५६ देशांतल्या ३,७६२ जणांची माहिती जमवली आणि २०२१ मध्ये २०३ लक्षणांची नोंद प्रसिद्ध केली. जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या आली ऑक्टोबर २०२१ मध्ये: संसर्गानंतर साधारण तीन महिन्यांनी असलेली, किमान दोन महिने टिकलेली आणि दुसऱ्या कोणत्याही निदानात न बसणारी लक्षणं.

दोनशे लक्षणं म्हटल्यावर मनात प्रश्न येतोच की हा एक आजार आहे तरी का? मला वाटतं, नाही. एकाच दारातून आत आलेले हे निरनिराळे बिघाड आहेत. एका रुग्णात एकच बिघाड असेल, दुसऱ्यात तीन एकमेकांत गुंतलेले असतील. संशोधनाची आतापर्यंतची वाटचाल पाहिली की हे पटत जातं, आणि औषधांच्या चाचण्या का फसल्या याचा निदान काही उलगडा होतो.

सर्वात आधी विषाणूच घ्या. नाकातल्या स्वॅबमधून तो गेला म्हणजे शरीरातून गेला, असं आपण धरून चाललो. अमेरिकेत कोविडने किंवा कोविडसह दगावलेल्या ४४ जणांच्या शवविच्छेदनात विषाणूचा आरएनए, म्हणजे त्याचं जनुकीय द्रव्य, शरीरभर सापडला, मेंदूतही, आणि एका व्यक्तीत तर लक्षणं सुरू झाल्यानंतर २३० दिवसांनी. कोविड होऊन गेलेल्या जिवंत माणसांच्या आतड्याच्या बायोप्सीतही काही महिन्यांनी त्याची प्रथिनं दिसली आहेत. काही लाँग कोविड रुग्णांच्या रक्तात विषाणूचं काटेरी स्पाइक प्रथिन वर्षभरानंतरही सापडलं. अशा प्रथिनांचं रक्तातलं आयुष्य एवढं नसतं. ती अजून सापडतात याचा अर्थ कुठेतरी ती अजून तयार होत असावीत, किंवा कुठल्यातरी पेशींत अडकून हळूहळू सुटत असावीत. विषाणूंच्या बाबतीत हे अघटित नाही. इबोलातून वाचलेल्या काहींच्या डोळ्यांत आणि वीर्यात तो विषाणू महिनोन्महिने राहिला होता.

पण आतड्यात दडलेल्या विषाणूने माणसाची स्मरणशक्ती कशी जाईल? पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये याची एक साखळी मांडली, आणि मला ती या सगळ्या संशोधनातली सर्वात विलक्षण वाटते. विषाणूचे अवशेष आतड्यात राहिले की शरीर इंटरफेरॉन नावाची इशारा देणारी प्रथिनं सोडत राहतं. त्यामुळे अन्नातलं ट्रिप्टोफॅन आतड्यात नीट शोषलं जात नाही. ट्रिप्टोफॅनपासून सेरोटोनिन बनतं. मेंदूचं रसायन म्हणून आपण ते ओळखतो खरं, पण शरीरातलं बहुतेक सेरोटोनिन आतड्यातच तयार होतं. ते कमी पडलं की आतड्यापासून मेंदूपर्यंत जाणाऱ्या व्हेगस या लांबलचक नसेचं काम मंदावतं, आणि स्मरणशक्तीशी संबंधित हिप्पोकॅम्पस हा मेंदूचा भाग सुस्तावतो. उंदरांमध्ये सेरोटोनिनची भर घातली तेव्हा त्यांची स्मरणशक्ती सुधारली. सगळ्याच संशोधक गटांना आपापल्या रुग्णांत सेरोटोनिनची ही कमतरता आढळलेली नाही. पण कारण पोटात आणि लक्षण डोक्यात, हे कसं घडू शकतं याचं इतकं सुटसुटीत चित्र पूर्वी कुणी काढलं नव्हतं.

'ब्रेन फॉग' म्हणजे डोक्यात धुकं भरल्यासारखं होणं. त्याचा आणखी एक धागा डब्लिनहून आला. मेंदूच्या रक्तवाहिन्यांना आतून एक घट्ट अस्तर असतं, ते रक्तातल्या नको त्या गोष्टी मेंदूत जाऊ देत नाही. ब्रेन फॉग असलेल्या रुग्णांत हे अस्तर काही ठिकाणी गळकं झाल्याचं २०२४ मध्ये खास प्रकारच्या एमआरआयवर दिसलं. साध्या एमआरआयमध्ये ते दिसत नाही. इथेही 'रिपोर्ट नॉर्मल'च.

दुसरी मोठी शंका स्वतःच्याच रोगप्रतिकारशक्तीवर आहे. विषाणूविरुद्ध बनलेल्या अँटिबॉडींबरोबर काही वेळा स्वतःच्याच पेशींवर उलटणाऱ्या अँटिबॉडी तयार होतात. २०२४ मध्ये नेदरलँड्समध्ये आणि अमेरिकेत येल विद्यापीठात स्वतंत्रपणे एकसारखाच प्रयोग झाला. रुग्णांच्या रक्तातून अँटिबॉडी वेगळ्या काढून त्या निरोगी उंदरांना टोचल्या, तर उंदीर वेदनेला जास्त संवेदनशील झाले. उंदराला कोविड झाला नव्हता, त्याच्या मनावर कसला ताणही नव्हता. रुग्णाच्या रक्तातली एक गोष्ट त्याच्या शरीरात गेली आणि रुग्णाचा त्रासही थोडासा तिच्याबरोबर गेला. 'हे सगळं मनाचं आहे' असं ज्यांना अजूनही वाटतं त्यांनी या प्रयोगावर थांबून विचार करावा. येलच्याच आणखी एका अभ्यासात रुग्णांमध्ये कॉर्टिसॉल हे संप्रेरक कमी आढळलं होतं, आणि लहानपणापासून शरीरात निद्रिस्त असलेला एप्स्टाइन-बार विषाणू पुन्हा जागा झाल्याच्या खुणाही दिसल्या होत्या.

रक्तातल्या सूक्ष्म गुठळ्यांबद्दल मी थोडक्यातच लिहिते. दक्षिण आफ्रिकेतल्या स्टेलनबॉश विद्यापीठाच्या रेसिया प्रिटोरियस यांनी लाँग कोविड रुग्णांच्या रक्तात सहज न विरघळणाऱ्या बारीक गुठळ्या दाखवल्या. कल्पना महत्त्वाची आहे. पण अशा गुठळ्या थोड्याफार प्रमाणात निरोगी माणसांतही असतात आणि त्यांच्यामुळेच त्रास होतो हे सिद्ध झालेलं नाही. तरीही तेवढ्या आधारावर रक्त 'गाळून' देण्याचे महागडे उपचार विकले गेले आणि हताश रुग्णांनी त्यापायी आपली पुंजी घालवली. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता उपचार. विषाणू दडून बसला असेल तर विषाणूविरोधी औषध द्यावं, हे तर्काला धरूनच होतं. स्टॅनफर्डमध्ये १५५ रुग्णांवर पॅक्सलोव्हिडची पंधरा दिवसांची चाचणी झाली. २०२४ मध्ये निकाल आला: प्लॅसिबो म्हणजे औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांपेक्षा काही फरक नाही. येलच्या चाचणीतूनही तेच निघालं. पण या चाचण्यांत ज्यांच्या शरीरात विषाणू उरला होता आणि ज्यांच्यात तो नव्हता, असे सगळे एकत्र घेतलेले होते. पोटदुखीच्या शंभर रुग्णांना सरसकट अॅपेंडिक्सचं ऑपरेशन केलं आणि बहुतेकांना गुण आला नाही म्हणून ऑपरेशनच निरुपयोगी ठरवलं, तर कसं होईल? शिवाय ऊतींत खोलवर रुजलेल्या विषाणूसाठी पंधरा दिवस पुरतात का, हाही प्रश्न आहेच.

मात्र रुग्ण निवडून घेतले की झालं, इतकंही हे सोपं नाही. जर्मनीतल्या एका कंपनीने बीसी ००७ हे औषध स्वतःवर उलटणाऱ्या अँटिबॉडी निष्प्रभ करण्यासाठी आणलं. सुरुवातीला एक-दोन रुग्णांना आश्चर्यकारक गुण आल्याच्या बातम्यांनी मोठी आशा निर्माण झाली होती. २०२४ च्या अखेरीस, अशा अँटिबॉडी असलेलेच रुग्ण निवडून केलेल्या मोठ्या चाचणीचा निकाल आला तेव्हा औषध प्लॅसिबोपेक्षा सरस ठरलं नाही. रुग्णांसाठी तो दिवस फार जड गेला असणार.

आशेला जागा कुठे आहे? हाँगकाँगमध्ये आतड्यातल्या उपयुक्त जीवाणूंचं एक मिश्रण सहा महिने दिल्यावर थकवा, विसराळूपणा, पोटाच्या तक्रारी यांत प्लॅसिबोपेक्षा जास्त सुधारणा दिसली. शरीरातला दाह आटोक्यात आणणारं, संधिवातात वापरलं जाणारं बॅरिसिटिनिब आणि अगदी कमी मात्रेतलं नाल्ट्रेक्सोन यांच्यावर चाचण्या सुरू झाल्या आहेत. प्रतिबंधाच्या बाजूला हाती थोडं अधिक आहे. मधुमेहावरचं जुनं, स्वस्त मेटफॉर्मिन संसर्ग झाल्या झाल्या चौदा दिवस दिलं तर लाँग कोविड होण्याचं प्रमाण सुमारे ४१ टक्क्यांनी घटलं, असं २०२३ मध्ये अमेरिकेतल्या एका चाचणीत दिसलं. ती चाचणी वजन जास्त असलेल्या, तिशीपुढच्या माणसांवर होती, म्हणून कुणी आपल्या मनाने गोळ्या सुरू करू नयेत. लशीचा फायदाही स्पष्ट आहे. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या नोंदींमध्ये साथीच्या सुरुवातीला शंभरात दहाहून थोड्या जास्त जणांना वर्षभरात लाँग कोविड झाला होता. ओमिक्रॉनच्या काळात लस घेतलेल्यांत हे प्रमाण शंभरात साडेतीनवर आलं.

एक प्रकार मात्र असा आहे की जो आजही घरच्या घरी लक्षात येऊ शकतो आणि ज्यावर उपाय आहेत. पॉट्स म्हणून तो ओळखला जातो. माणूस उभा राहिला की रक्त पायांकडे उतरतं. एरवी रक्तवाहिन्या लगेच आखडतात आणि रक्त वर ढकललं जातं. हे नियंत्रण बिघडलं की हृदयाला धावपळ करावी लागते. निवांत पडून नाडी मोजायची, मग आधाराला कुणीतरी जवळ ठेवून उभं राहायचं आणि दहा मिनिटं थोड्या थोड्या वेळाने मोजत जायचं. मोठ्या माणसाची नाडी मिनिटाला तीसने किंवा त्याहून जास्त वाढून तशीच टिकली आणि रक्तदाब पडला नाही, तर हे आकडे लिहून डॉक्टरांकडे न्यावेत. झोपवून काढलेल्या ईसीजीत हे दिसत नाही. भरपूर पाणी, डॉक्टरांनी चालेल म्हटलं तर जास्त मीठ, पोट आणि पाय आवळून धरणारे मोजे, गरज पडली तर नाडी कमी करणारी औषधं, एवढ्यानेही कित्येकांचं उभं राहणं सुसह्य होतं.

आणि ज्यांना क्रॅश येतात त्यांच्यासाठी पेसिंग. पेसिंग म्हणजे आळस नव्हे, किंवा 'आराम करा' हा मोघम सल्लाही नव्हे. अंगात जेवढी शक्ती आहे त्याच्या आत राहून दिवस बेतायचा. आंघोळ स्टुलावर बसून. केस धुवायचे त्या दिवशी दुसरं कुठलंही काम नाही. फोनवर बोलणं दहा मिनिटं, मग डोळे मिटून पडणं, कारण बोलण्यात आणि विचार करण्यातही शक्ती खर्च होते. सर्वात कठीण असतो तो बरं वाटणारा दिवस. महिनाभराची तुंबलेली कामं समोर दिसत असतात आणि त्याच दिवशी स्वतःला आवरावं लागतं. मायाल्जिक एन्सेफॅलोमायलायटिस, म्हणजे क्रॉनिक फटीग सिंड्रोम या जुन्या आजाराच्या रुग्णांनी हे फार पूर्वी सांगून ठेवलं होतं. २०२१ मध्ये ब्रिटनच्या अधिकृत मार्गदर्शिकेने त्या आजारावर ठरावीक चढत्या क्रमाने व्यायाम वाढवत नेण्याची शिफारस मागे घेतली. लाँग कोविडच्या अनेक रुग्णांची लक्षणं त्या आजाराच्या व्याख्येत जशीच्या तशी बसतात.

अॅमस्टरडॅमच्या त्या २५ जणांनाही श्रमाने क्रॅश येतो हे आधीच माहीत होतं. त्यासाठीच तर त्यांना निवडलं होतं. सायकलवरच्या पंधरा मिनिटांची किंमत पुढचे कित्येक दिवस मोजावी लागणार हे ठाऊक असून ते सायकलवर बसले आणि दुसऱ्या दिवशी, त्या अवस्थेत, मांडीचा तुकडा द्यायला पुन्हा आले.